डिझेल घ्यावी की बेंझिन? आधी किलोमीटर मोजा

वापरलेली गाडी घ्यायची म्हटलं की आपल्यातलं कुणीतरी हमखास सांगतं, "डिझेल घ्या, स्वस्त पडते." हे भारतातलं जुनं गणित. तिथे सरकार डिझेलचा भाव धरून ठेवायचं. ऑक्टोबर २०१४ मध्ये तेही सुटलं. इथे इस्राएलमध्ये उलटं आहे. ९५ ऑक्टेन बेंझिनचा कमाल भाव सरकार दर महिन्याला ठरवतं. डिझेलला, म्हणजे इथल्या सोलरला, तसा लगाम नाही. बोर्ड वाचूनच नळी उचला.

डिझेल गाडी लिटरमागे जास्त धावते, हे मात्र खरं. समजा बेंझिनची गाडी लिटरला १४ किलोमीटर जाते, डिझेलची १८. हिशेब सोपा व्हावा म्हणून दोन्हींचा भाव ७ शेकेल धरू. वर्षाला ३०,००० किलोमीटर चालवणाऱ्याला बेंझिनचे १५,००० शेकेल लागतील, डिझेलचे सुमारे ११,७००. बचत चांगली आहे. पण आपण पेन्शनर मंडळी जातो कुठे? कुपत खोलीम, बाजार, नातवंडांची शाळा, वर्षातून चार लग्नं. ६,००० किलोमीटर झाले तर पुष्कळ! मग ३,००० विरुद्ध २,३३०, म्हणजे महिन्याला ५५-५६ शेकेल.

आणि ते फिल्टरमध्ये जाऊ शकतात. डिझेलच्या धुराची काजळी अडवायला फिल्टर असतो. ती काजळी जळायला इंजिन चांगलं तापून मोठ्या रस्त्यावर बराच वेळ चालावं लागतं. दहा मिनिटांच्या फेऱ्यांत तो तुंबतो, आणि बदलायचा झाला तर काही हजार शेकेल. बचत किती वर्षांची गेली, तुम्हीच मोजा. बऱ्याच नव्या डिझेल गाड्यांना युरियाचं पाणीही वेगळं भरावं लागतं. आम्हा नर्सना युरिया रक्ताच्या रिपोर्टात बघायची सवय, इथे तो टाकीत ओततात!

धुराबद्दल नर्स म्हणून गप्प बसवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरवला. हैफा आणि यरुशलायीमच्या ठरावीक भागांत फिल्टर नसलेल्या जुन्या डिझेल गाड्यांना मज्जाव आहे तो उगाच नव्हे.

दिमोनाहून रोज तेल अवीवला कामाला जाणाऱ्या मुलाने डिझेल जरूर घ्यावी. तुमचं काय, ते मीटर सांगेल: महिन्याच्या पहिल्या आणि शेवटच्या तारखेला आकडा लिहून ठेवा, फरकाला बाराने गुणा. तरीही जुनी डिझेल आवडलीच, तर फिल्टर जागेवर आहे का ते गॅरेजवाल्याकडून बघून घ्या. काही लोक तुंबला की काढूनच टाकतात.