गुडघा दुखतो, पण दोष खुब्यात



वस्तीवर भेटीला गेल्यावर एखादे लेकरू लंगडताना दिसते. आई म्हणते, "पडला असेल कुठं, गुडघा दुखते म्हणते." मग गुडघ्याला तेल चोळले जाते आणि महिना निघून जातो. पण खुब्याचे दुखणे पुष्कळदा मांडीत किंवा गुडघ्यात जाणवते. म्हणून लंगडणाऱ्या मुलाचा खुबा तपासलाच पाहिजे.

खुबा म्हणजे वाटीत बसलेला गोळा. मांडीच्या हाडाचे वरचे गोल टोक कमरेच्या हाडातील वाटीत फिरते. त्यात काय बिघडले, याचा पहिला अंदाज मुलाच्या वयावरून येतो.

चालायला लागल्यापासूनच मूल लंगडते, पण दुखत नाही, तर गोळा जन्मापासून वाटीबाहेर असू शकतो. पायाळू जन्मलेल्या बाळांत आणि मुलींत हे अधिक आढळते. पहिल्या सहा महिन्यांत कळले तर बहुधा पट्ट्यांनी भागते. उशीर झाला तर शस्त्रक्रिया लागते. बाळाचे पाय सरळ करून घट्ट गुंडाळू नयेत. कडेवर किंवा पाठीवर पाय फाकवून घेण्याची आपली जुनी रीत खुब्याला चांगली.

चार ते आठ वर्षांचा मुलगा कित्येक आठवडे लंगडतो, खेळल्यावर अधिक दुखते, तर पर्थीस आजाराची शंका घ्यावी. यात गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून हाड मऊ पडते आणि काही वर्षांत पुन्हा भरते. तोवर गोळा वाटीत नीट ठेवणे हाच उपचार.

दहा ते सोळा वयात, विशेषतः वजनदार मुलांत, गोळा मानेवरून घसरतो. पाऊल बाहेर वळते. अशा मुलाला चालवू नये, मालिशही करू नये. समोरून आणि पाय फाकवून असे दोन्ही एक्स-रे काढावेत.

ताप आहे आणि मूल पाय टेकूही देत नाही, तर सांध्यात पू झालेला असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. संध्याकाळचा बारीक ताप, घटते वजन आणि महिनोन्‌महिने लंगडणे असेल तर क्षयरोगाची तपासणी करावी.

आपल्या विदर्भात आणखी एक गोष्ट विसरून चालत नाही, ती म्हणजे सिकलसेल. विळ्यासारख्या वाकड्या रक्तपेशी बारीक रक्तवाहिन्या अडवतात आणि खुब्याचा गोळा मरतो. एक्स-रेत हे पर्थीससारखेच दिसते. दोन्ही खुबे दुखत असतील, हातपाय वारंवार ठणकत असतील, डोळे पिवळे दिसत असतील, घरात कोणाला सिकलसेल असेल, तर रक्त तपासल्याशिवाय पर्थीसचा शिक्का मारू नये. सिकलसेलचे औषधपाणी आयुष्यभराचे असते आणि शस्त्रक्रियेपूर्वी भूल देणाऱ्या डॉक्टरांना तो माहीत असावाच लागतो. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात आदिवासी भागांत ही तपासणी केली जाते.

आंजी (मोठी) येथे प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. पुढील उपचारांसाठी सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आहे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत आणि शाळेत मुले तपासतात. जन्मजात खुब्याचा दोष त्यांच्या यादीत आहे.

तरीही आईला एका फेरीसाठी दिवसाची मजुरी सोडावी लागते, आणि एक्स-रेचा कागद घेऊन कोणत्या खिडकीवर जायचे हे तिला ठाऊक नसते. आपण तिच्यासोबत जाऊ शकतो. लंगडणारे लेकरू दिसले तर "बरं होईल" म्हणून पुढे जाऊ नका. वय विचारा, ताप विचारा, आणि त्याच आठवड्यात सोबत निघा.