फवारणी करणाऱ्या मजुरांचे शिक्षण : थोड्या खर्चात कसे साधावे?

किडींच्या बंदोबस्तासाठी आपण औषध विकत आणतो, पंप दुरुस्त करून घेतो. परंतु तो पंप ज्याच्या पाठीवर चढवावयाचा, त्या मजुरास शिकविण्यासाठी वेळ व पैसा बाजूला काढीत नाही. ह्या दुर्लक्षाची किंमत किती मोठी असू शकते, हे २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात दिसून आले. त्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. कीटकनाशके नियम, १९७१ यांत संरक्षक कपडे व प्रशिक्षण यांविषयी तरतुदी आहेतच; पण नियम कागदावर असून भागत नाही, तो हाताच्या सवयीत उतरला पाहिजे.

पैसा कोठे खर्च करावा?

प्रशिक्षण म्हटले की मंडप, ध्वनिक्षेपक, छापील पुस्तिका आणि पाहुण्यांचे हारतुरे डोळ्यांपुढे येतात. ह्यांपैकी एकाही गोष्टीने मजुराचा हात सुधारत नाही. न टाळता येण्याजोगा खर्च म्हणजे शिकण्यात जाणाऱ्या वेळेची मजुरी. रोजावर पोट असलेला माणूस काम बुडवून येणार नाही, आणि आलाच तरी त्याचे चित्त लागणार नाही. म्हणून अर्ध्या दिवसाची मजुरी प्रथम बाजूला काढावी. गावातील काही शेतकऱ्यांनी मिळून किंवा शेतकरी उत्पादक कंपनीने हा भार वाटून घेतल्यास तो कोणासही जड जात नाही. उरलेल्या पैशांतून हातमोजे, चष्मे व मास्क घ्यावेत. शिकविण्याच्या कामी कृषी विभागाचे कर्मचारी व कृषी विज्ञान केंद्र यांचे साहाय्य मागावे.

काय शिकवावे?

थोडेच शिकवावे, पण पक्के शिकवावे. पुढील पाच गोष्टी पुरेशा आहेत :

१. डब्यावरील त्रिकोणाचा रंग ओळखणे. लाल रंगाचे औषध सर्वांत विषारी. त्याखालोखाल पिवळा, निळा व हिरवा असा क्रम आहे. अक्षरओळख नसलेल्यासही हे समजते.

२. औषध मिसळणे. ह्या वेळी मूळ औषध हाताशी असल्याने धोका अधिक असतो. हातमोजे घालून, मापाने मोजून व काठीनेच ढवळावे.

३. पंप तपासणे. आधी साधे पाणी भरून गळती पाहावी. तुंबलेले नोझल तोंडाने कधीही फुंकू नये.

४. वारा व वेळ पाहणे. वाऱ्याकडे तोंड करून व भर उन्हात फवारणी करू नये. कपाशी पुरुषभर वाढली की तुषार थेट तोंडाशी येतात. तेव्हा विशेष जपावे.

५. विषबाधा ओळखणे. मळमळ, फार घाम, लाळ गळणे, अंधुक दिसणे, स्नायू फडफडणे ह्यांपैकी काहीही जाणवताच काम थांबवावे, कपडे काढून अंग साबणाने धुवावे व औषधाचा डबा किंवा त्यावरील चिठ्ठी बरोबर घेऊन तत्काळ दवाखाना गाठावा.

कसे शिकवावे?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील कारखान्यांना नवशिके कामगार लवकर तयार करावे लागले. त्या वेळी रूढ झालेली चार पायऱ्यांची रीत शेतावरही तितकीच उपयोगी आहे. प्रथम शिकणाऱ्याची भीड मोडून त्यास काय येते ते जाणून घ्यावे. मग काम स्वतः करून, एकेक टप्पा सांगत दाखवावे. नंतर तेच काम त्याच्याकडून करवून, का केले ते त्याच्याच तोंडून वदवावे. आणि शेवटी कामावर गेल्यावर पुन्हा पुन्हा जाऊन पाहावे. ही चौथी पायरीच बहुधा गाळली जाते, आणि तेथेच शिकविलेले वाया जाते.

एक प्रयोग अवश्य करावा. पंपात औषधाऐवजी नीळ किंवा खाण्याचा रंग घातलेले पाणी भरावे. मजुरास जुना पांढरा सदरा घालून पिकाच्या ओळींतून नेहमीप्रमाणे फवारणी करू द्यावी. परत आल्यावर पाठ, बाह्या व मांड्या यांवर रंगाचे डाग पडलेले सर्वांस दिसतील. विष केवळ तोंडावाटे नव्हे, कातडीतूनही शरीरात शिरते, हे तासभराच्या भाषणाने पटत नाही. त्या डागांनी ते क्षणात पटते. ह्यास खर्च काय तो चिमूटभर रंगाचा.

एका वेळी दहा-बाराहून अधिक माणसे घेऊ नयेत, म्हणजे प्रत्येकाच्या हाती पंप येतो. पाणी आणून देणाऱ्या व फवारणीचे कपडे धुणाऱ्या स्त्रियांसही बोलवावे. त्यांच्या अंगालाही औषध लागतेच.

परीक्षा व उजळणी

पहिला वर्ग फवारणी सुरू होण्यापूर्वी घ्यावा. पीक उंच वाढल्यावर अर्ध्या तासाची उजळणी करावी. परीक्षा तोंडी घेऊ नये; साध्या पाण्याने सर्व काम करून दाखवावयास सांगावे. जो चुकेल त्यास न रागावता पुन्हा करू द्यावे, आणि ज्यास उत्तम जमले त्यास पुढच्या तुकडीचा शिक्षक करावे. अशा रीतीने एका वर्षाचा खर्च पुढील वर्षीही उपयोगी पडतो.

शेतकरी बंधूंनो, येत्या हंगामाच्या खर्चाचा अंदाज मांडताना बी, खत व औषध यांच्या जोडीला ही अर्ध्या दिवसाची मजुरीही लिहून ठेवा. वाचलेले पीक घरी आणताना ते वाचविणारा माणूसही धडधाकट घरी परतला पाहिजे.