टार्गेट ८५०!

मार्च एण्ड आला की आपल्या ऑफिसांत टार्गेटच्या नावाने बोंब सुरू होते. पण तुमचं टार्गेट हुकलं तर जातं काय? इन्क्रिमेंट, फार तर बोनस. अमेरिकेत जनरल सर्जरीची रेसिडेन्सी करणाऱ्या माझ्या मैत्रिणीचं हुकलं, तर बोर्डाच्या परीक्षेची दारंच बंद!

तिचा आकडा आहे ८५०. पाच वर्षांत किमान एवढ्या केसेस, त्यातल्या २०० शेवटच्या, म्हणजे चीफच्या वर्षात. पूर्वी ७५० पुरायच्या. हिशेब केला तर आठवड्याला तीनच्या वर. बरं, नुसती बेरीज जमवून भागत नाही. हर्निया ८५, साधी लॅप्रोस्कोपी १००, ब्रेस्ट ४०, कोलोनोस्कोपी ५०... प्रत्येक खण वेगळा भरायचा.

खरी गोम पुढे आहे. चार तास टेबलापाशी उभं राहून रिट्रॅक्टर धरला, तर ती केस धरतच नाहीत. ऑपरेशनचे महत्त्वाचे टप्पे स्वतःच्या हाताने केले, तरच 'सर्जन' म्हणून नोंद. आणि नोंद करणार कोण? ज्याची त्यानेच!

"निम्मं मी केलं, निम्मं सरांनी. मग मी सर्जन की असिस्टंट? रात्री लॉग भरताना रोज हेच गं," ती म्हणते.

मग जास्त वेळ थांबायचं ना? तेही नाही. १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या हॉस्पिटलात लिबी झायन ही अठरा वर्षांची मुलगी दगावली आणि थकलेल्या रेसिडेंट डॉक्टरांचा प्रश्न ऐरणीवर आला. जुलै २००३ पासून तिथे आठवड्याला सरासरी ८० तासांची मर्यादा आहे. (८० तास 'कमी' वाटणारी माणसंही असतात बरं का!)

आपल्याकडे एम.एस. तीनच वर्षांचं. लॉगबुकात पाहिलेली, मदत केलेली, स्वतः केलेली, सगळीच ऑपरेशन्स लिहायची.

मला विचाराल तर आकड्यावरून हात कळत नाही. तिथल्या बोर्डालाही हे पटलेलं दिसतं. २०२३ पासून ठरावीक आजारांचे पेशंट रेसिडेंट कितपत स्वतंत्रपणे हाताळतो, यावर सिनियर्सनी शेरा द्यायची पद्धत सुरू झालीय. पण म्हणून ८५० काही सुटलेले नाहीत.

मैत्रिणीची गाडी कोलोनोस्कोपीवर अडलीय. झाल्यात ३९, ट्रेनिंग जूनमध्ये संपतंय. परवा बोलता बोलता मध्येच थांबली.

"ए, ठेवते गं. एण्डोस्कोपीत केस आलीय. चाळिसावी!"