बँजो पार्टी काढायची, पण वाजवायचं काय?

मुंबई-कोकणात गल्लीतली पोरं वर्गणी काढून बँजो पार्टी उभी करतात, तेव्हा पहिला वाद गाण्यांवरूनच होतो. कुणाला 'सैराट'मधलं 'झिंगाट' हवं असतं, कुणाला जुनी कोळीगीतं.

खरं तर निम्मा निर्णय वाद्यच घेतं. आपला बँजो म्हणजे बुलबुलतरंग. मूळ जपानी तैशोगोतो, 1912 साली नागोयात जन्मलेलं. डाव्या हाताने टाइपरायटरसारखी बटणं दाबायची, उजव्या हाताने तार छेडायची. सूर तुटक, टणत्कारी निघतो. लांब मींड त्यावर नीट येत नाही. म्हणून संथ गझल इथे फिकी पडते आणि छोट्या, खटकेबाज सुरावटीची गाणी खुलतात. कोळीगीतांचा डुलता ठेका तर ढोलकी-ताशाला हमखास साथ देतो.

उरलेलं प्रसंग ठरवतो. बाप्पाच्या आगमनाला भक्तिगीतं, हळदीला नाचाची गाणी, मिरवणुकीत पावलांना झेपेल अशी लय. हळदीच्या अंगणात आजीपासून नातवापर्यंत सगळे नाचणार असतात, तेव्हा दोन नव्या गाण्यांमागे एक जुनं हवंच.

नव्या पार्टीने आधी दहा-बाराच गाणी पक्की बसवावीत. एकाच पट्टीतली गाणी सलग ठेवली, तर मध्ये न थांबता एकातून दुसऱ्यात जाता येतं आणि नाचणाऱ्यांचा रंग टिकतो. रात्री 10 नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी असल्याने, सर्वांत जास्त मागणी असलेली गाणी साडेनऊच्या आतच वाजवून घ्यावीत.