अनुदान : मिळण्याआधी आणि संपल्यानंतर



आपल्यापैकी कितीतरी जण शाळेबाहेरही काही ना काही सांभाळत असतात. कोणी वाचनालयाचे सचिव असतात, कोणी महिला मंडळाच्या खजिनदार, कोणी माजी विद्यार्थी संघाचे अध्यक्ष. अशा संस्थांच्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "कुठून तरी अनुदान मिळालं की काम सुरू करू." दोनेक वर्षांनी दुसरं वाक्य येतं, "अनुदान संपलं, म्हणून बंद केलं." या दोन वाक्यांच्या मध्ये काय होतं, ते आज नीट समजून घेऊ.

अनुदान म्हणजे नक्की काय?

देणगी देणारा बहुधा विश्वासावर पैसे देतो. अनुदान मात्र ठरलेल्या कामासाठी, ठरलेल्या मुदतीत खर्च करायला दिलेलं असतं. पुस्तकांसाठी मिळालेल्या पैशातून छप्पर दुरुस्त करता येत नाही, छप्पर कितीही गळत असलं तरी! काम झाल्यावर हिशेब आणि उपयोगिता प्रमाणपत्र द्यावं लागतं.

पैसा येतो कुठून?

१) शासन : जवळचं उदाहरण म्हणजे गावातलं वाचनालय. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ नुसार मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांना अ, ब, क, ड असा वर्ग मिळतो आणि त्यानुसार अनुदान ठरतं.

२) कंपन्या : कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. यालाच आपण सीएसआर म्हणतो. कायद्यात एक गोष्ट आपल्या फायद्याची आहे. कंपनीने आपल्या कामाच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं, असं त्यात म्हटलं आहे. म्हणून मुंबईच्या मुख्य कार्यालयाला पत्र पाठवण्याआधी आपल्या तालुक्याच्या एमआयडीसीत कोणते कारखाने आहेत, ते बघा.

३) परदेशातली आपली माणसं : इथे मात्र जपून. परदेशात राहणारा माजी विद्यार्थी अजून भारताचा नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवत असेल, तर ती विदेशी देणगी धरत नाहीत. पण त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, तर संस्थेकडे एफसीआरए खाली परवानगी हवी. ती नसेल तर पैसे घेऊ नका, मग तो आपल्याच आळीतला का असेना.

आधी कपाट उघडा

अर्ज लिहिण्याआधी संस्थेचे कागद बघा. आपल्याकडे बहुतेक संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या असतात. नोंदणीचे दाखले, पॅन कार्ड, गेल्या तीन वर्षांचे ऑडिट केलेले हिशेब, आयकराच्या नोंदण्या, शासकीय अनुदानासाठी एनजीओ दर्पणचा क्रमांक आणि सीएसआरसाठी सीएसआर-१ फॉर्मची नोंद, एवढं एका फाइलमध्ये ठेवा. आयकराच्या नोंदण्या कायमच्या नसतात, मुदत संपण्याआधी त्यांचं नूतनीकरण करावं लागतं.

अडतं मात्र दुसरीकडेच. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय आयुक्त कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो. तो राहून जातो. मग काम बघणारी मंडळी वेगळी आणि सरकारी नोंदीत वारलेल्या अण्णांचं नाव अजून अध्यक्ष म्हणून! देणाऱ्याने उतारा मागितला की सगळं तिथेच थांबतं.

अंदाजपत्रक मांडून बघू

समजा, ३० मुलांसाठी १० महिने संध्याकाळची अभ्यासिका चालवायची आहे. ग्रामपंचायतीने खोली दिली आहे.

- शिकवणाऱ्या ताईंचं मानधन : ४,००० × १० = ४०,००० रु.
- वीजबिल : ६०० × १० = ६,००० रु.
- ऑडिट, छपाई, झेरॉक्स : ५,००० रु.
- पुस्तकं : १०,००० रु.
- कपाट आणि चटया : ९,००० रु.
- एकूण : ७०,००० रु.

म्हणजे एका मुलामागे महिन्याला साधारण २३३ रुपये. अर्जात हा आकडा जरूर लिहा. "मुलांच्या सर्वांगीण विकासासाठी" अशा वाक्यापेक्षा तो जास्त सांगतो.

आता यादी पुन्हा वाचा. शेवटच्या दोन ओळींचा खर्च, १९,००० रुपये, एकदाच होणारा आहे. वरच्या तीन ओळींचे ५१,००० रुपये दर वर्षी लागणार. देणाऱ्याला कपाट द्यायला आवडतं, कारण त्यावर नाव रंगवता येतं, फोटो काढता येतो. ताईंच्या मानधनावर नाव कुठे रंगवणार? पण अभ्यासिका चालते ती ताईंमुळे. मानधन थांबलं की कपाटाला कुलूप लागतं, आणि घरी अभ्यासाला जागा नसलेलं मूल पुन्हा टीव्हीसमोर पुस्तक उघडून बसतं.

म्हणून दोन गोष्टी करा. पहिली, मानधन अर्जात लपवू नका, स्पष्ट मागा. दुसरी, पुढच्या वर्षीचे ५१,००० कुठून येणार, ते याच अर्जात लिहा. गावातल्या ८५ घरांनी महिन्याला ५० रुपये दिले, तर वर्षाचे बरोबर ५१,००० होतात. सगळी घरं लगेच देणार नाहीत, हे खरं. पण निम्मी जरी आली, तरी अनुदान संपल्यावर दार लगेच बंद होत नाही. आणि गाव स्वतः पैसे घालतंय हे दिसलं, की देणाऱ्याचाही विश्वास वाढतो.

आठवी-नववीच्या वर्गात हेच अंदाजपत्रक मुलांकडून करून घ्या. गुणाकार आणि सरासरी तर होतेच, शिवाय आपल्या अभ्यासिकेचा दिवा कोणाच्या पैशावर जळतो, हेही त्यांना कळतं.

संस्थेच्या पुढच्या बैठकीत एवढे तीन प्रश्न विचारून बघा : आपले कागद आजच्या तारखेला पूर्ण आहेत का? आपल्याला नेमकं काय आणि किती हवं आहे? आणि अनुदान संपल्याच्या दुसऱ्या दिवशी कुलूप कोण उघडणार? तिसऱ्याचं उत्तर मिळालं, की अर्ज लिहायला बसा.