तेलंगणातून सोलापुरात आलेली पणजी कागदावर कुठे सापडते?

सोलापूरच्या पूर्व भागात फिरलं की दुकानांच्या पाट्या मराठीत दिसतात आणि ओट्यावरच्या गप्पा तेलुगूत ऐकू येतात. विणकाम करणारा पद्मशाली समाज इथे पिढ्यान्‌पिढ्या राहतोय. यातल्या अनेक घरांत पणजोबा कोणत्या गावातून आले हे सांगता येतं. पण पणजीचं माहेर कुठलं आणि लग्नाआधी तिचं नाव काय होतं, असं विचारलं की बहुतेक जण गप्प होतात.

ती बाई खरंच कुठेच नोंदलेली नसते का? तसं नाही. ती सापडते, फक्त वेगळ्या ठिकाणी शोधावं लागतं.

लोक सोलापुरात का आले?

सोलापुरात १८७७ साली ‘सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग’ ही कापड गिरणी सुरू झाली. गावाने तिला नाव दिलं जुनी गिरणी. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या उभ्या राहिल्या. गिरण्यांच्या जोडीला हातमाग होतेच, नंतर यंत्रमाग आले. निजामाच्या राज्यातल्या करीमनगर, नलगोंडा, वारंगळ या भागांतून विणकर कुटुंबं कामासाठी इकडे आली. पुरुष मागावर बसले. बायकांनी कांड्या भरल्या आणि विड्या वळल्या. घर दोघांच्या कमाईवर चाललं, नोंद मात्र बहुतेक वेळा एकाचीच झाली.

बाई कागदावरून गायब का होते?

पहिलं कारण म्हणजे वंशावळ. आपल्याकडची वंशावळ बापाकडून मुलाकडे जाते. त्यात सून आली तर ‘अमक्याची पत्नी’ म्हणून येते आणि लेक लग्नानंतर बाहेर पडते.

दुसरं कारण, लग्नात नाव बदलतं. आडनाव तर जातंच, पण अनेक घरांत पहिलं नावही बदललं जायचं.

तिसरं कारण भाषेचं. तेलुगू नाव मराठी कारकून लिहिणार. मग घरातली राजव्वा एका कागदावर राजम्मा होते आणि दुसऱ्यावर राजूबाई. तिन्ही नोंदी एकाच बाईच्या असू शकतात, हे लक्षात आलं नाही तर शोध तिथेच थांबतो.

क्युबेकच्या बायका का सापडतात?

असंच स्थलांतर जगाच्या दुसऱ्या टोकालाही झालं. १८४० ते १९३० या काळात सुमारे ९ लाख फ्रेंच-कॅनडियन लोक अमेरिकेत गेले. त्यातले पुष्कळ जण लॉवेल, मँचेस्टर अशा शहरांतल्या कापड गिरण्यांत लागले आणि त्यात बायका मोठ्या संख्येने होत्या. तिथेही नावं बदलली. ‘रुआ’ म्हणजे राजा, त्याचं झालं किंग. ‘लब्लां’ म्हणजे पांढरा, त्याचं झालं व्हाइट.

तरीही त्या बायकांचा माग काढणं तुलनेने सोपं जातं, कारण क्युबेकच्या चर्चमधल्या नोंदी. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन या तिन्ही वेळी बाईचं माहेरचं आडनाव लिहिलं जायचं. लग्नाच्या नोंदीत दोन्हीकडच्या आईवडिलांची नावं असायची. एक लग्न सापडलं की मागची पिढी हाती लागते.

शिवाय अमेरिकेत जनगणनेचे घरनिहाय तक्ते ७२ वर्षांनी सगळ्यांसाठी खुले होतात. १९५० चे तक्ते १ एप्रिल २०२२ रोजी खुले झाले. भारतात जनगणना कायदा, १९४८ नुसार घरोघरचे तक्ते गोपनीय असतात. त्यामुळे ती वाट आपल्याकडे बंद आहे.

मग सोलापुरात कुठे शोधायचं?

१. आधी घरात. पितळेच्या आणि स्टीलच्या भांड्यांवर कोरलेली नावं वाचा. लग्नात माहेरून आलेल्या हंड्यावर देणाऱ्याचं नाव आणि तारीख असू शकते. जुन्या लग्नपत्रिका आणि आहेराची वही टाकून देऊ नका. आहेराच्या वहीत मामा, मावशी आणि माहेरची गावं एकत्र सापडतात.

२. मुलांच्या जन्मनोंदी. बाईची स्वतःची जन्मनोंद मिळाली नाही तर तिच्या मुलांची शोधा. शहरासाठी महापालिकेचा जन्म-मृत्यू विभाग, खेड्यासाठी गाव नमुना १४ किंवा कोतवाल बुक.

३. शाळेचं जनरल रजिस्टर. त्यात मुलाचं जन्मस्थान लिहिलेलं असतं. पहिलं बाळंतपण माहेरी होण्याची रीत असल्याने थोरल्या मुलाचं जन्मस्थान म्हणजे अनेकदा आईचं माहेर.

४. वारस नोंदी. घरातला पुरुष गेला की मिळकत पत्रिकेवर किंवा गाव नमुना ६-क मध्ये वारस लागतात. तिथे विधवा पत्नी आणि लग्न झालेल्या मुली नावानिशी येतात. वंशावळीत गाळलेली लेक इथे भेटते.

५. कामाचे कागद. विडी कामगार स्त्रीचं ओळखपत्र आणि भविष्यनिर्वाह निधीची नोंद तिच्या स्वतःच्या नावावर असते. हे कागद नवऱ्यामार्फत शोधावे लागत नाहीत.

६. तीर्थक्षेत्रांच्या वह्या. पंढरपूर, त्र्यंबकेश्वर, काशी, हरिद्वार इथले तीर्थपुरोहित यजमानांच्या वह्या ठेवतात. गाव आणि आडनाव सांगितलं की कुळाचं पान निघू शकतं आणि त्यात काही वेळा बायकांचीही नावं असतात. हरिद्वारच्या वह्यांचं तर अमेरिकेतल्या यूटा इथल्या वंशावळ संस्थेने चित्रीकरणही केलं आहे.

कागद मिळाला, पण वाचता येत नाही?

निजामाच्या राज्यातले कागद बऱ्याचदा उर्दूत असतात आणि त्यावर फसली साल असतं. हैदराबादच्या फसली सालात ५९० मिळवा. फसली १३४० म्हणजे १९३०-३१. मराठी कागदावर शके असेल तर ७८ मिळवा. जुने मराठी कागद मोडीत असतील तर मोडी वाचक गाठावा लागतो.

एक नियम कायम पाळा. फक्त नाव जुळलं म्हणून माणूस तोच असं धरू नका. नवऱ्याचं नाव, घरनंबर, गाव, मुलांची वयं यांपैकी किमान दोन गोष्टी जुळल्या पाहिजेत. तेलुगू घरांत इंटिपेरू, म्हणजे घराण्याचं नाव, पक्कं ठाऊक असेल तर काम बरंच हलकं होतं.

एवढा खटाटोप कशासाठी?

हा नुसता हौसेचा विषय नाही. महाराष्ट्रात जातीच्या दाखल्यासाठी ठरावीक तारखेआधीचा पुरावा लागतो. इतर मागासवर्गासाठी ती तारीख १३ ऑक्टोबर १९६७ आहे, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०. लग्न झालेल्या बाईलाही हा पुरावा वडिलांकडचाच द्यावा लागतो. माहेरचे कागद नसतील तर तिची अडचण होते आणि माहेर दुसऱ्या राज्यात असेल तर ती आणखी वाढते. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला, पण आपण त्या घरातल्या आहोत हे दाखवायला पुन्हा कागदच लागतो.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात, महाराष्ट्राच्या सरकारी कागदपत्रांवर, वडिलांच्या आधी आईचं नाव येतं. या मुलांच्या नातवंडांना आजीचं, पणजीचं नाव शोधणं सोपं जाईल. त्याआधीच्या बायकांची नावं मात्र आज घरात जी म्हातारी माणसं आहेत, त्यांनाच ठाऊक आहेत. म्हणून कचेरीत जाण्याआधी आजीजवळ बसा. तिच्या आईचं नाव, माहेरचं गाव आणि इंटिपेरू तिच्या तोंडून ऐकून लिहून घ्या. कागद पुढच्या वर्षीही मिळेल, पण आजीची आठवण तोवर तशीच राहील याची खात्री नाही.