धुरावर टिकलेलं घर

जपानमधल्या जुन्या घरांचे फोटो तुम्ही मोबाईलवर पाहिले असतील. काळ्याभोर फळ्यांची जमीन, एखादी बैठी चौकी, बाकी काही नाही. मुक्कामाचं एका रात्रीचं भाडं वाचलं की मात्र डोळे पांढरे होतात! काहीच नसलेल्या खोलीचे एवढे पैसे कशाचे?

शिकोकू बेटावर इया नावाचं डोंगराळ खोरं आहे. तिथलं सुमारे ३०० वर्षांचं, गवताने शाकारलेलं एक ओसाड घर अ‍ॅलेक्स कर या अमेरिकन तरुणाने १९७३ मध्ये विकत घेतलं. तेव्हा तो विद्यार्थीच होता. घराला त्याने नाव दिलं ‘चिइओरी’, म्हणजे बासरीची पर्णकुटी. गावातली माणसं शहराकडे निघून गेलेली, त्यामुळे असली घरं तिथे पडूनच होती. आज तर, २०२३ च्या सरकारी पाहणीनुसार, साऱ्या जपानमध्ये सुमारे ९० लाख घरं रिकामी आहेत.

अशा घराच्या मधोमध जमिनीत चौकोनी चूल असते. तिला इरोरी म्हणतात. धुराडं नसतं. धूर वर चढतो, वाशांवर काजळी धरते आणि छपराच्या गवतातून तो हळूहळू बाहेर पडतो. त्यानेच गवत कोरडं राहतं, कीड लागत नाही. फळ्या काळ्या झाल्या त्याही धुराने. आजीच्या स्वयंपाकघरातले वासे आठवा ना! इयात चुलीच्या वर तंबाखूची पानं वाळत घालत, म्हणून मध्ये छतच घालत नसत. ज्या उंच मोकळ्या जागेला आपण ‘मिनिमलिस्ट’ म्हणून वाखाणतो, ती मुळात तंबाखूची सोय!

माणूस गेला की चूल विझते. मग गवत दमट होतं, कुजतं, पाणी आत येतं आणि लाकूड सडतं. म्हणून दुरुस्तीत आधी छप्पर. त्याला ढिगाने गवत लागतं, आणि ते कापून, वाळवून, नीट बांधणारे कारागीर आता थोडेच उरलेत. पैसा मुख्यतः तिथे जातो.

दुसरी अडचण थंडीची. डोंगरातल्या गारठ्यात कुडकुडत राहायला पाहुणा पैसे देणार नाही. मोठ्या दुरुस्तीनंतर २०१२ मध्ये चिइओरी पाहुण्यांसाठी नव्याने उघडलं, तेव्हा ऊब जमिनीखालून देण्याची सोय झाली. स्वयंपाकघर आणि न्हाणीघरही नवं. पण बसायच्या खोलीत यातलं काही डोळ्यांत भरत नाही. वायरी, नळ, हीटर लपवायलाच खरी मेहनत लागते, आणि साधेपणा महाग पडतो तो इथे.

मला एकच खटकतं. काही ठिकाणी दुरुस्तीनंतर इरोरी नुसती शोभेला ठेवतात. खोली उबदार राहते, पण छपराला धूर कुठला मिळणार? चिइओरीत ती अजून पेटवतात. कपड्यांना धुराचा वास लागला म्हणून कुरकुरणाऱ्या पाहुण्याला काय सांगायचं, ते आता तुम्हाला ठाऊक आहे.